जारवरचं ताट

फिल्टर पेपर जवळजवळ पांढरा निघाला. मी तो ओव्हनमधून काढला, चिमट्यात धरून खिडकीशी नेला, उलटसुलट करून पाहिला आणि मग काट्यावर ठेवला. काटाही जेमतेम हलला. धक्का टोलीत महिनाभरात हवेतून पडलेली धूळ एवढीच, असं आमच्या यंत्राचं म्हणणं होतं.

मागे पाटणकर साहेब येऊन उभे राहिले. ते आमच्या लॅबचे प्रमुख.

"काय निघालं?"

"काही नाही सर."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे खरंच काही नाही. आपल्या रामदासपेठेतल्या गच्चीवरच्या जारमध्ये याच्याहून जास्त धूळ आहे."

"उत्तम. 'विदिन लिमिट' लिही आणि फाइल पुढे पाठव. त्यांची सुनावणी पाच आठवड्यांवर आली आहे."

साहेब चहाला गेले. मी तो पेपर हातात घेऊन तसाच उभा राहिलो. निकाल खोटा असेल असं मला वाटलं नाही, कारण वजन मी स्वतः दोनदा केलं होतं. पण तो विचित्र वाटला. जार ठेवायला मी त्या वस्तीत गेलो होतो तेव्हा परत येईपर्यंत माझ्या शर्टाची कॉलर काळी झाली होती.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. हवेच्या प्रदूषणाचा कायदा तेव्हा नवा होता आणि मीही नोकरीत नवाच होतो. हुद्दा सायंटिफिक असिस्टंट. घरचे लोक नरखेडकडे संत्र्याच्या बागेत राबत होते आणि त्यांना मी नेमकं काय करतो ते शेवटपर्यंत कळलं नाही. धूळ मोजतो असं सांगितलं की वडील म्हणायचे, ती मोजायला सरकार पगार देते का?

धक्का टोली म्हणजे रेल्वेच्या मालधक्क्याला लागून असलेली दीड-दोनशे घरांची वस्ती. बहुतेक घरं बौद्ध कुटुंबांची. एका अंगाला कोळशाचा टाल, म्हणजे वखार, दुसऱ्या अंगाला नाला आणि मध्ये नझूलचं, म्हणजे सरकारी मालकीचं, एक मोकळं मैदान. टालाच्या मालकाने तेच मैदान दुसऱ्या टालासाठी मागितलं होतं. तसं झालं असतं तर कोळशाचे ढीग थेट लोकांच्या मागच्या भिंतींना टेकले असते. वस्तीने विरोधाचा अर्ज केला. त्यावर पहिली सही रामटेके गुरुजींची, म्हणजे तिथल्या शाळेतल्या मास्तरांची, आणि खाली अंगठेच अंगठे. त्या अर्जावरून आमच्याकडे पत्र आलं की तिथली हवा तपासा. म्हणजे ते मैदान माझ्या त्या पांढऱ्या कागदावर अडकलं होतं.

तपासायचं कसं, ते सांगतो. आमच्याकडे मोठी यंत्रं होती, पण ती विजेवर चालायची आणि टोलीत विजेचा भरवसा नव्हता. म्हणून साधा डस्टफॉल जार. रुंद तोंडाची बरणी समजा. तिच्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचं, शेवाळ धरू नये म्हणून निळ्या मोरचुदाची चिमूट टाकायची. आमच्याकडे संत्र्याच्या झाडांना वापरतात तेच मोरचूद. जार उंच जागी महिनाभर उघडा ठेवायचा. हवेतली धूळ त्यात पडते आणि पाणी तिला पुन्हा उडू देत नाही. महिन्याने पाणी गाळायचं, गाळ वाळवायचा, वजन करायचं. इतकं सोपं की यात चूक होऊच शकत नाही, असं मला वाटायचं.

वस्तीत पक्का स्लॅब एकाच घराला होता. ते सुभद्राबाई गजभियेंचं घर. वय पन्नाशीचं, गुडघे दुखणारे, आवाज खणखणीत. त्यांचे यजमान दौलतराव टालावरच हमाल होते. त्यांच्या स्लॅबवर मी जार ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता मी सायकल सरळ टोलीकडे वळवली. दाराशी सुभद्राबाई होत्या. शिडी लावून वर गेलो. स्लॅबवर बोट फिरवलं, बोट काळं. जारच्या तिपाईवर फिरवलं, तेही काळं. शेजारच्या लिंबाची पानं वरून काळी आणि खालून हिरवी. पहिला जार नेताना मी तिथे दुसरा भरून ठेवला होता, तो तेवढा आरशासारखा स्वच्छ. मी डोकं खाजवत होतो तेवढ्यात मालधक्क्यावर शिट्टी झाली.

शिडी करकरली. सुभद्राबाई एक हात गुडघ्यावर ठेवत वर आल्या. काखेत जेवणाचं स्टीलचं ताट होतं. त्यांनी ते जारवर पालथं घातलं, वर विटेचा तुकडा ठेवला आणि माझ्याकडे पाहून हसल्या.

"मावशी, हे काय करता?"

"झाकून राहिली ना भाऊ. रॅक लागली आता. अर्ध्या घंट्यात कायी धूळ येते पाहा. तुमचं पानी नासून जाईन."

रॅक म्हणजे मालगाडीचे कोळसा भरलेले डबे. ते टालाशी येऊन लागले की रिकामे करायचं काम सुरू होतं.

"तुम्ही हे रोज झाकता?"

"रोज नाई तं का? उघडं पानी ठेवते का कोनी? सांभाळा म्हनून तुमीच सांगतलं होतं."

म्हणजे बाई दिवसातून चार-चार वेळा दुखऱ्या गुडघ्यांनी शिडी चढत होत्या. धूळ आली की झाकायचं, धूळ बसली की ताट काढायचं. सरकारच्या पाण्यात महिनाभर त्यांनी एक कण पडू दिला नव्हता.

खरं सांगायचं तर मी आधी त्यांच्यावर चिडलो. "अहो, धूळ पडावी म्हणूनच ठेवला होता तो जार!"

 मग त्यांचाही आवाज चढला.

"मंग सांगाचं होतं ना! कायसाठी ठेवलं थे सांगतलं का तुमी? मले वाटलं दवाई आहे. निळं पानी दिसलं म्हून मी अजूनच जपलं. माह्या गुडघ्याची वाट लागली अन् वरून माह्यावरच खेकसून राहिले!"

त्यांचं अगदी बरोबर होतं. जार ठेवताना मी "मावशी, हे सांभाळा, पोरांना हात लावू देऊ नका" एवढंच बोललो होतो. कमी बोललं की माणूस जास्त शिकलेला दिसतो, असा माझा त्या वयातला समज. मला मनापासून लाज वाटली. मी तिथेच स्लॅबवर बसकण मारली. कोळशाची धूळ ताटावर बसताना समोर दिसत होती.

थोड्या वेळाने मी विचारलं, "मावशी, तुम्ही नेमकं कधी कधी झाकत होता?"

त्यांना आठवावंही लागलं नाही. "रॅक लागली का झाकाचं. दुपारी टालावर कोयसा चाळते, तवा झाकाचं. अन् सकायी, संध्याकायी शेगड्या पेटल्या का झाकाचं. तिन्ही सांजेचा धूर वर जातच नाई, इथंच घुटमयते. बाकीच्या वक्ताले हवा चांगली राह्यते इथली."

मी उठून उभा राहिलो. हवा कधी बिघडते आणि कशाने बिघडते, हे आमची लॅब वर्षभर जार लावूनही सांगू शकली नसती. जार महिन्याचा सगळा ढीग एकत्र दाखवतो. तो कोळशाच्या डब्यातून आला की शेगडीतून, ते त्याला कळत नाही. बाईंना कळत होतं. माझा पांढरा पेपर चुकीचा नव्हता, तो टोलीतल्या चांगल्या तासांचा पेपर होता.

त्या रविवारी विहारात बैठक बसली. मी झालेला घोळ सगळ्यांसमोर सांगितला. लोक इतके हसले की सुभद्राबाईंनी तोंडाला पदर लावला. हसू ओसरल्यावर रामटेके गुरुजी म्हणाले, "साहेब, हसणं झालं. आता रिपोर्टचं काय?"

"पहिला रिपोर्ट मी रद्द करतो. पण हातात महिनाच आहे."

मागून एकजण ओरडला, "टालच उठवा म्हना इथून!"

दौलतराव शांतपणे उठले. खांद्यावरचं फडकं काळं, नखं काळी. "टाल उठला तं खाशीन काय गा? इथले निम्मे लोक टालावर आहेत. दुसरा टाल नको, हे बराबर आहे. पयला कसा चालवाचा, थे बोला."

गुरुजींनी पुन्हा रिपोर्टचा विषय काढला. मग सुभद्राबाई बायकांतून म्हणाल्या, "मंग उलटं करू ना. ज्या वक्ताले मी झाकत होती, त्या वक्ताले उघडाचं."

आमचा प्रयोग तिथे ठरला. तीन जार. एक फक्त रॅक रिकामी होताना उघडायचा, दुसरा फक्त चाळण चालताना, तिसरा फक्त शेगड्यांच्या वेळी. एरवी तिघांवर ताट. शिडी चढण्याची पाळी आळीपाळीने, सुभद्राबाईंचे गुडघे सोडून. प्रत्येक वेळी किती वेळ उघडा ठेवला त्याची खूण कोळशाने त्यांच्या मागच्या भिंतीवर करायची. एक आडवी रेघ म्हणजे अर्धा तास.

साहेबांना हे सांगायला मी घाबरतच गेलो.

"स्टँडर्ड मेथडमध्ये झाकण कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही सर."

"आणि ऑपरेटर कोण? घरातल्या बायका?"

"सर, गेल्या महिन्यात त्यांनी इतकं चोख झाकलं की एक कण आत गेला नाही. उघडतीलही तितक्याच चोख."

साहेब बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिले. मग म्हणाले, "एक चौथा जार नियमाप्रमाणे शाळेच्या छतावर ठेव. कायम उघडा. तो माझा, तो रिपोर्टमध्ये जाईल. तुझे तीन मागे ॲनेक्शरमध्ये जोड. आणि त्या शाळेच्या शिपायाला नीट सांग जार कशासाठी आहे ते."

महिनाभर मी दर दोन-तीन दिवसांनी टोलीत जाऊन यायचो. कामापेक्षा उत्सुकताच जास्त होती. भिंत रेघांनी भरत चालली होती. बायका रेघांवरून एकमेकींना टोकायच्या. "काहून वं, काल रॅक दोन घंटे होती, तुह्या रेघा तीनच कशा?" माझ्या लॅबमध्ये इतकी कडक तपासणी कधी झाली नव्हती. दौलतरावांनी मला टालाच्या फाटकाशी उभं करून एक गोष्ट दाखवली. डब्याचं दार उघडलं की कोळशाचा पहिला लोंढा खाली येतो. मुख्य धूळ त्या लोंढ्याची असते, पुढच्या कामात ती निम्मीही नसते. सगळा कोळसा भिजवला तर हमालाच्या डोक्यावरची टोपली जड होते, म्हणून हमाल पाण्याला तयार नसत. पण दार उघडताना नुसता पहिल्या लोंढ्यावर फवारा मारला तर टोपलीला फरक पडत नाही. हे कुठल्याच पुस्तकात मी वाचलं नव्हतं.

महिना संपला. चारही जार गाळले. शाळेवरचा जार मर्यादेच्या बाहेर गेला होता. साहेबांनी तो आकडा स्वतः तपासून सही केली. रॅकच्या जारचा गाळ सगळ्यात जड, बोटात धरला तर कचकच करणारा. चाळणीचा त्याच्या खालोखाल. शेगडीच्या जारचं वजन मात्र किरकोळ. पण पेपर काजळ फासल्यासारखा काळाकुट्ट.

साहेबांनी तो पेपर उजेडात धरला. "हा बघ. काजळी वजनाला काहीच नसते, म्हणून काट्यावर दिसत नाही. पण भरड धूळ नाकात अडकते आणि ही सरळ छातीत जाते. त्यांच्या पोरांचा खोकला निम्मा यातला असणार. सांगणार आहेस त्यांना?"

"सांगावं लागेल सर."

"टालाचा मालक म्हणेल, धूर तर हेच करतात."

मलाही तीच धास्ती होती. विहारात मी तिन्ही पेपर चटईवर मांडले आणि जे होतं ते सांगितलं.  मग गुरुजी हळूच म्हणाले, "साहेब, तिसरा पेपर सुनावणीत दाखवलाच पाहिजे का? तो काही रिपोर्टमध्ये नाही."

दोघं-तिघं म्हणाले, फाडून टाका.  खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं.

सुभद्राबाईंनी तो पेपर उचलून मांडीवर घेतला. "काहून फाडाचा? माही नात यानंच खोकलते रात-दिवस. दुसऱ्याची धूळ दाखवाची अन् आपली झाकाची? झाकून पाह्यलं ना गेल्या महिन्यात. का भेटलं?"

 मग शेगड्यांचं काय करायचं, यावर बायकांनी एका तासात उत्तर काढलं. कोळशाची शेगडी धूर सोडते ती पेटताना. एकदा निखारा लाल झाला की धूर संपतो. बायका शेगडी दाराबाहेर पेटवायच्याच, पण गल्ली अरुंद, त्यामुळे धूर शेजारच्या दारात. आता सगळ्यांनी शेगड्या मैदानाच्या नाल्याकडच्या टोकाला पेटवायच्या आणि निखारा झाला की घरी न्यायच्या. तिथून वारा नाल्याकडे वाहतो. बाहेरून कुणी काही आणायचं नव्हतं. फक्त ते मैदान हवं होतं.

सुनावणीचा दिवस आला. नझूलच्या अधिकाऱ्यांना गुरुजींनी कचेरीत सांगितलं, "साहेब, आमचा रेकॉर्ड भिंतीवर आहे. भिंत इथे आणता येत नाही." अधिकारी जरा हसले आणि त्याच संध्याकाळी टोलीत आले. टालाचे सेठही आले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत.

मैदानाच्या टोकाला पन्नास-साठ शेगड्या ओळीने धुमसत होत्या. धूर नाल्यावरून पलीकडे सरकत होता.

सेठनी लगेच बोट दाखवलं. "देखिए साहब. धुआँ तो ये लोग खुद करते हैं. बदनाम हमारा टाल."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात सुभद्राबाई पुढे आल्या. हातात तिन्ही फिल्टर पेपर. आधी काळाकुट्ट तिसरा पेपर त्यांनी अधिकाऱ्यांच्या हातात दिला.

"हा आमचा आहे साहेब. आमच्या शेगडीचा. आमी थो घरातून उचलून इथं आनला, दूर." मग बाकीचे दोन त्यांनी सेठसमोर धरले. "हे दोन तुमचे. तुमी तुमचा कुठी नेता, थे सांगा."

सेठ मागे सरकले. पेपर हातात घ्यायलाही तयार नव्हते, कारण कपडे पांढरे होते.

अधिकारी भिंतीपाशी गेले. बराच वेळ रेघा मोजत राहिले. दौलतरावांना फवाऱ्याबद्दल विचारलं, ते त्यांनी हातवारे करून दाखवलं. पंधरा दिवसांनी निकाल आला. मैदान टालाला मिळालं नाही. जुन्या टालाला दोन अटी घातल्या: दार उघडताना फवारा आणि चाळण वस्तीच्या विरुद्ध टोकाला.

कागदावरची अट आणि प्रत्यक्षातला फवारा यांत किती अंतर असतं, ते नोकरीत मी पुढे खूप पाहिलं. म्हणून दोन-तीन वर्षांनी टोलीवरून जाताना मुद्दाम सायकल थांबवली. स्लॅबवर एक जार दिसला. तो मीच त्यांच्याकडे राहू दिला होता आणि आमच्या रजिस्टरमध्ये 'फुटला' असं लिहिलं होतं. जार उघडा होता.

"मावशी, ताट कुठे गेलं?"

"ताट जेवाले आहे." त्या हसल्या. "फवारा नाई मारला का मी वर जातो, जार काढतो अन् नेऊन टालाच्या मुनीमाच्या टेबलावर ठेवतो. त्याच्या कागदाजवय. कायं पानी पाहून थो आपसूक पाइप काढते."

"आणि मारला तर?"

"तं जार वरच राह्यते. कायले गुडघे दुखवाचे?"

पुढे नोकरीत मी शेकडो जार ठेवले. ज्याच्या घरी ठेवायचा, त्या घरात आधी बसायचो, पाणी प्यायचो आणि जार कशासाठी आहे ते सांगायचो. मग विचारायचो, इथली हवा कधी बिघडते? अर्धा रिपोर्ट तिथेच लिहून व्हायचा. जार लावायचा तो साहेबांच्या सहीसाठी.